जिल्ह्याचे नाव बदलते तेव्हा...

ऑक्टोबर २००४ नव्हे, २०२४! त्या महिन्यात अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. समजा, पाथर्डीतील एखाद्या पतसंस्थेच्या संगणक प्रोग्राममध्ये जुने नाव पन्नास ठिकाणी लिहिलेले आहे. ते शोधून सरसकट बदलणे सोपे वाटते. पण त्यात १९९८ च्या कर्जदस्तावरील आणि एखाद्या महाविद्यालयाच्या नावातील 'अहमदनगर'ही पुसले जाईल. मग कागद एक सांगेल आणि संगणक दुसरेच.

जाणकार प्रोग्रामर जिल्हा ओळखण्यासाठी नाव नव्हे, तर संकेतांक वापरतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५२२ होता. नावे एकाच तक्त्यात, ती कोणत्या तारखेपासून लागू यासह ठेवली, की बदल एका ओळीत भागतो. मात्र प्रोग्राममध्ये नुसते '५२२' लिहू नये. त्याला 'जिल्हा संकेतांक' असे अर्थपूर्ण नाव द्यावे; अन्यथा तीन वर्षांनी तो आकडा लिहिणाऱ्यालाही उमगत नाही.

जुन्या तारखेचा दाखला जुन्या नावाने आणि नव्या तारखेचा नव्या नावाने छापला जातो का, हे तपासणारी चाचणी बदलापूर्वीच लिहावी आणि प्रत्येक बदलानंतर चालवावी. मार्टिन फाउलर यांच्या 'रिफॅक्टरिंग' (१९९९) या पुस्तकाचा भरही लहान पावले आणि वारंवार चाचणी यांवरच आहे.