टोकियोत जन्मलेला ‘ऑक्सफर्ड’ कोश

‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ हा कोश कधी ना कधी चाळला नाही असा इंग्रजीचा विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. नावावरून मात्र त्याच्या कुळाचा पत्ता लागत नाही. त्याची पहिली आवृत्ती निघाली १९४२ साली, टोकियोत, काइताकुशा नावाच्या जपानी प्रकाशकाकडून. ब्रिटन आणि जपान तेव्हा एकमेकांशी लढत होते, आणि कोशाचा मुख्य कर्ता ए. एस. हॉर्नबी होता इंग्रज!

हॉर्नबी १९२४ साली जपानच्या क्यूशू बेटावरच्या ओइता गावी इंग्रजी शिकवायला गेला. शिक्षण इंग्रजी साहित्याचं, पण वर्गात उभं राहिल्यावर त्याचं मन भाषा शिकवण्याच्या प्रश्नांतच गुंतलं. टोकियोत हॅरल्ड पामर होता. त्यानं १९२३ साली इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी संस्था काढली होती. पुढे हॉर्नबी तिथे दाखल झाला आणि १९३६ साली पामर मायदेशी परतल्यावर संशोधनाची धुरा त्याच्याकडे आली.

या कुळाची दुसरी शाखा ढाक्याची. तिथल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य मायकेल वेस्ट याला एका साध्या प्रश्नानं पछाडलं होतं: बरीचशी बंगाली मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात, मग त्यांच्या हाती इंग्रजीतलं उरतं काय? या उरलेल्या किमतीला त्यानं विम्याच्या धंद्यातला शब्द लावला, ‘सरेंडर व्हॅल्यू’. चार हप्ते भरून पॉलिसी सोडली तरी काही पदरात पडावं, तसं शिक्षणाचंही असावं, हा हिशोब. म्हणून आधी वाचन शिकवा, असं त्यानं १९२६ च्या आपल्या अहवालात मांडलं. मग पाठ्यपुस्तकं तपासली, तर त्यांत ‘आइल’, ‘एअर’ असले कवितेतले जुने शब्द भरलेले. वेस्टनं ते काढून ‘आयलंड’ आणि ‘बिफोर’ घातले. साहित्यप्रेमींना ही कत्तल वाटली असेल, पण पाचवीतल्या पोराला किनाऱ्याला लावायचं तर एवढी कत्तल माफ असावी.

१९३५ साली वेस्ट आणि एन्डिकॉट यांचा एक छोटा कोश निघाला. त्यात सुमारे २४,००० नोंदींचे अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले होते. अर्थ पाहायला कोश उघडावा आणि अर्थातलाच शब्द पाहायला तो पुन्हा उघडावा, ही शिक्षा त्यानं संपवली.

हॉर्नबीनं मात्र आणखी खोलवरची अडचण धरली. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ कळतो, तरी वाक्य चुकतं. आपल्याकडे ‘ही सजेस्टेड मी टू गो’ लिहिणाऱ्याला ‘सजेस्ट’चा अर्थ पक्का ठाऊक असतो. ‘ॲडव्हायसेस’ आणि ‘फर्निचर्स’ लिहिणाऱ्यालाही. इंग्रज मुलाला हे कुणी सांगावं लागत नाही, त्यामुळे इंग्रजांसाठी केलेल्या कोशांना ते सांगण्याचं कारणच पडलं नव्हतं. पामरनं सुरू केलेलं काम पुढे नेऊन हॉर्नबीनं क्रियापदांच्या वाक्यरचनांचे पंचवीस साचे बांधले आणि कोणतं क्रियापद कुठल्या साच्यात बसतं ते नोंदीतच दाखवलं. नाम मोजता येतं की नाही याचीही खूण केली. आज आपण ज्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता पुढे जातो, त्या कंसातल्या ‘सी’ आणि ‘यू’ या अक्षरांचं मूळ इथे आहे. माझ्या मते कोशाचा खरा ऐवज त्या दोन अक्षरांत आहे.

युद्ध संपल्यावर १९४८ साली ऑक्सफर्डनं तेच पुस्तक नवं नाव देऊन छापलं, आणि टोकियो मुखपृष्ठामागे गेलं. हॉर्नबीनं पुढे १९६१ साली एक न्यास स्थापन केला. परदेशी इंग्रजी शिक्षकांना त्यातून शिष्यवृत्त्या मिळतात.

परक्यासाठी कोश करण्याची ही कल्पना मराठीला नवी नाही. इंग्रजांनी मराठी शिकावं म्हणून मोल्सवर्थनं आपला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीच दिला होता, तोही मराठी शास्त्र्यांना हाताशी धरून. आता २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. गुजराती, तमिळ, हिंदी घरांतली मुलं ‘मी भूक लागली’ आणि ‘माझा खुर्ची’ असं लिहिणारच. मराठीच्या शिक्षकांनो, त्या चुका लाल शाईनं खोडून सोडून देऊ नका. त्या वहीत टिपून ठेवा, शाळाशाळांतून एकत्र करा. मराठी शिकणाऱ्यांचा कोश त्यांतूनच बांधता येईल.