दुकानदाराचे आजारपण आणि अमेरिकेचा करकायदा

१/ कारखान्यातला कामगार आजारी पडला तर त्याच्या विम्याचा हप्ता करमुक्त. कोपऱ्यावरचा दुकानदार आजारी पडला तर त्याचा हप्ता मात्र करपात्र. अमेरिकेत हा भेद कित्येक दशके टिकून होता. त्याचे मूळ १९४२ च्या ऑक्टोबर महिन्यात, अवघ्या तीन आठवड्यांत झालेल्या दोन कायद्यांत सापडते.

२/ दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. महागाई रोखण्यासाठी २ ऑक्टोबर १९४२ रोजी अमेरिकी काँग्रेसने वेतन आणि किमती गोठवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना दिला. मात्र ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून वाजवी प्रमाणातील विमा व निवृत्तिवेतनाचे लाभ वगळण्यात आले.

३/ कामगारांची टंचाई होती आणि पगार वाढवता येत नव्हता. तेव्हा कारखानदारांनी आरोग्यविमा देऊ करून माणसे टिकवली. मालकाने भरलेला सामूहिक विम्याचा हप्ता कामगाराचे उत्पन्न धरू नये, असा निर्णय १९४३ मध्ये करखात्याने दिला.

४/ दुसरा कायदा २१ ऑक्टोबर १९४२ चा. युद्धखर्चासाठी त्याने प्राप्तिकराचे जाळे सामान्य घरांपर्यंत पसरवले. अविवाहितासाठी करमुक्त मर्यादा ५०० डॉलरवर आली, दाम्पत्यासाठी १,२०० डॉलरवर. इतक्या अल्प उत्पन्नावर कर बसवायचा, तर आजारपणाने खचलेल्या कुटुंबाला काही सवलत देणे भाग होते.

५/ म्हणून वैद्यकीय खर्चाची वजावट प्रथमच करकायद्यात आली. निव्वळ उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून अधिक झालेला खर्च तेवढा वजा करता येई. कमाल मर्यादा अविवाहितास १,२५० आणि दाम्पत्यास २,५०० डॉलर. नेहमीचा औषधपाण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा आणि असाधारण संकटात सरकारने हात द्यावा, हे त्यामागचे तत्त्व होते.

६/ १९५४ च्या नव्या करसंहितेने दोन्ही धागे पक्के केले. मालकाने दिलेला आरोग्यविमा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नातून पूर्णपणे वगळला गेला. वैयक्तिक वजावटीचा उंबरठा ५ वरून ३ टक्क्यांवर आला.

७/ येथेच छोटा व्यावसायिक अडकला. एकल मालकीच्या दुकानाचा धनी कायद्याच्या दृष्टीने स्वतःचा नोकर नव्हे. त्यामुळे त्याने नोकराचा भरलेला हप्ता हा धंद्याचा खर्च ठरे, पण स्वतःचा हप्ता मात्र खाजगी खर्चात जाई.

८/ १९६० च्या सुमाराचे एक कल्पित उदाहरण घ्या. दुकानदाराचे उत्पन्न ६,००० डॉलर, विम्याचा हप्ता १५० डॉलर, इतर वैद्यकीय खर्च शून्य. ३ टक्क्यांचा उंबरठा १८० डॉलरचा. म्हणजे वजावट शून्य. तेवढाच हप्ता मालकाकडून मिळवणाऱ्या नोकरदाराला मात्र त्यावर छदामही भरावा लागत नसे.

९/ या कोंडीतून एक वाट १९७१ मध्ये करखात्याच्याच निर्णयाने मोकळी झाली. धन्याने पत्नीला खरोखरीच नोकरीस ठेवले आणि सर्व कर्मचाऱ्यांना त्यांच्या कुटुंबासह वैद्यकीय खर्चाची भरपाई देणारी योजना केली, तर तो खर्च धंद्याचा मानला जाई. अशा रीतीने धनी स्वतःच्या दुकानात नोकराचा पती म्हणून संरक्षण मिळवू लागला!

१०/ वैयक्तिक वजावटीचा उंबरठा पुढे १९८२ च्या कायद्याने ५ टक्के आणि १९८६ च्या कायद्याने ७.५ टक्के झाला. मात्र राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी २२ ऑक्टोबर १९८६ रोजी स्वाक्षरी केलेल्या त्याच कायद्याने स्वयंरोजगारितांना आरोग्यविम्याच्या हप्त्यापैकी २५ टक्के रक्कम उंबरठ्याविना वजा करण्याची मुभा दिली. कंपन्यांना मात्र पूर्ण १०० टक्के मिळत होते.

११/ ही सवलतही तात्पुरती होती. मुदतवाढीवर तगलेली ही तरतूद १९९३ च्या अखेरीस संपली. १९९४ ची विवरणपत्रे भरण्याची मुदत तोंडावर आली असताना, ११ एप्रिल १९९५ रोजी ती पूर्वलक्षी प्रभावाने परत आली आणि १९९५ पासून ३० टक्के झाली. तोवर अनेकांची विवरणपत्रे भरून झाली होती. त्यांना सुधारित विवरणपत्र भरणे आले.

१२/ त्यानंतर पायरीपायरीने वाढ होत गेली : १९९७ मध्ये ४० टक्के, १९९९ मध्ये ६०, २००२ मध्ये ७० आणि अखेर २००३ मध्ये १०० टक्के. १९५४ च्या संहितेने नोकरदाराला दिलेली सूट प्राप्तिकरापुरती दुकानदारापर्यंत पोहोचायला ४९ वर्षे लागली.

१३/ तरीही बरोबरी पूर्ण झाली नाही. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरसाठी स्वयंरोजगारितांवर जो वेगळा कर बसतो, त्याच्या हिशेबात हा हप्ता वजा होत नाही. २०१० या एकाच वर्षापुरती ती सूट मिळाली आणि संपली.

१४/ छोट्या धंदेवाल्यावर अन्याय करावा, असा हेतू १९४२ च्या कायदेकर्त्यांचा नव्हता. त्यांच्यापुढे युद्ध होते, महागाई होती आणि कारखाने चालू ठेवायचे होते. युद्ध तीन वर्षांत संपले. ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येत केलेल्या एका अपवादाची किंमत मात्र दुकानदारांच्या पुढच्या दोन पिढ्यांनी मोजली.