सेंत ओनोरा
सेंत ओनोरा : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील भूमध्य समुद्रातील एक लहान बेट. लेरँस द्वीपसमूहातील हे दुसऱ्या क्रमांकाचे बेट असून लांबी सुमारे 1.5 किमी. आणि रुंदी सुमारे 400 मी. आहे. कान शहराच्या जुन्या बंदरातून फेरीबोटीने येथे पोहोचायला जेमतेम वीस मिनिटे लागतात. बेट सिस्टर्शियन पंथाच्या मठाच्या मालकीचे आहे आणि फेरीबोटीही मठच चालवतो.

मे महिन्यात चित्रपट महोत्सवासाठी जगभरचे नट-नट्या कानच्या क्रोआझेत रस्त्यावर उतरतात, तेव्हा समोरच्या या बेटाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. इतिहासात मात्र दोघांचे नाते उलट होते. अकराव्या शतकापासून फ्रेंच राज्यक्रांतीच्या उंबरठ्यापर्यंत कान हे या मठाच्या ताब्यातील कोळ्यांचे गाव होते. जुन्या गावठाणातील सुके टेकडीवरचा टेहळणी मनोरा मठाधिपतींनीच बांधवला. कानला विलासी गाव म्हणून नाव मिळाले ते पुष्कळ नंतर. 1834 मध्ये कॉलऱ्याच्या साथीमुळे नीसची वाट बंद झाली आणि ब्रूअम हे इंग्रज उमराव येथे अडकले. त्यांना जागा इतकी आवडली की त्यांनी येथेच घर बांधले आणि त्यांच्यामागून श्रीमंत इंग्रज हिवाळा घालवायला येऊ लागले.

ओनोरातुस या विरक्त पुरुषाने पाचव्या शतकाच्या आरंभी काही सोबत्यांसह बेटावर वस्ती केली. बेट सापांनी भरलेले होते, अशी आख्यायिका आहे. ओनोरातुसच्या प्रार्थनेने समुद्राची लाट बेटावरून फिरली, सगळे साप वाहून गेले आणि तो स्वतः माडासारख्या एका ताडवृक्षावर चढून वाचला. मठाच्या चिन्हातला ताड या कथेशी जोडला जातो आणि कानच्या नगरचिन्हातही ताडाची डहाळी आहे. या नगरचिन्हावरूनच महोत्सवाच्या सर्वोच्च पुरस्काराला सोनेरी डहाळीचे रूप मिळाले आणि 1955 पासून तो त्या रूपात दिला जाऊ लागला. त्याआधीच्या काळाशी भारताचा आणि मराठीचाही धागा जुळलेला आहे. 1946 च्या पहिल्या महोत्सवात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ने इतर काही चित्रपटांबरोबर सर्वोच्च पुरस्कार मिळवला, तर 1952 मध्ये व्ही. शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ स्पर्धेत होता.

पाचव्या-सहाव्या शतकांत हा मठ गॉलमधील विद्येचे मोठे केंद्र झाला. ओनोरातुस स्वतः, पुढे हिलारी आणि सीझर असे आर्लचे बिशप येथूनच गेले. 434 च्या सुमारास ‘कॉमोनितोरियुम’ हा धर्मशास्त्रीय ग्रंथ लिहिणारा व्हिन्सेंट येथलाच. आयर्लंडचा संत पॅट्रिक येथे शिकला, असेही परंपरा सांगते.

या एकांताला संरक्षण मात्र नव्हते. समुद्रमार्गे येणाऱ्या सारासेन हल्लेखोरांनी मठवासीयांची कत्तल केल्याच्या कथा आजही सांगितल्या जातात. दक्षिण टोकाला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला जो तटबंद मठ उभा आहे तो याच भीतीतून आला. त्याचे काम 1073 मध्ये सुरू झाले आणि पुढची काही शतके वाढत राहिले. बाहेरून तो निव्वळ किल्ला दिसतो. आत शिरल्यावर मात्र चौकात पावसाचे पाणी साठवण्याचे टाके, भोवती दोन मजली ओवऱ्या आणि वर प्रार्थनास्थान आढळते. वेढा पडला तरी उपासना खंडू नये, अशी ही रचना आहे. फिरायला आलेल्याने वेळ कमी असेल तर बाकी सारे सोडावे, पण या तटबंद मठाच्या माथ्यावर चढल्याशिवाय परतू नये. वरून एका नजरेत समुद्र, द्राक्षमळे आणि पलीकडची कानची हॉटेले दिसतात.

क्रांतीच्या थोडे आधी मठ बंद पडला. 1791 मध्ये बेट विकले गेले आणि मादमोझेल सेंव्हाल या पॅरिसच्या रंगभूमीवरील नटीच्या घराण्याकडे गेले. 1859 मध्ये फ्रेझ्यूसच्या बिशपांनी ते परत विकत घेतले आणि 1869 मध्ये सिस्टर्शियन साधू आले. आजचे मठवासी संत बेनेडिक्टच्या नियमानुसार राहतात. प्रार्थनेच्या वेळा सांभाळून ते सुमारे 8 हेक्टर द्राक्षमळे कसतात, वाइन आणि वनौषधींची मद्ये गाळतात. वाइनच्या बाटल्यांवर ओनोरा, सेझेर अशी मठाच्याच संतांची नावे असतात. बेटावरची शांतता आपोआप टिकलेली नाही, वाइन-मद्याच्या विक्रीवर आणि मठाच्या मालकीवर ती टिकली आहे. येथे ना हॉटेले उभी राहिली, ना मोटारी आल्या. मुक्काम करायचा तर मठाच्या अतिथिगृहात आणि तोही मौन पाळून.

दिवसाच्या पाहुण्याला अर्थात तेवढे बंधन नाही. पाइन आणि निलगिरीच्या सावलीतून किनाऱ्याने पायवाट जाते आणि रमतगमत चालले तरी सुमारे तासाभरात फेरी पूर्ण होते. वाटेत विखुरलेली प्राचीन प्रार्थनामंदिरे लागतात. त्यांतले पूर्व टोकाचे त्रिमूर्ती प्रार्थनामंदिर सर्वांत जुन्यांपैकी. तोफगोळे लालबुंद तापवून शत्रूच्या गलबतांवर डागण्यासाठी क्रांतिकाळात बांधलेल्या भट्ट्याही बघण्यासारख्या आहेत. मठाजवळ अंगभर कपडे आणि हळू आवाज अपेक्षित असतो.

शेजारचे सेंत मार्गरीत बेट आकाराने मोठे आणि जास्त गजबजलेले. तेथील किल्ल्यात 1687 ते 1698 या काळात ‘लोखंडी मुखवट्याचा कैदी’ ठेवला होता आणि 1874 मध्ये तेथूनच कैदेतला फ्रेंच सेनानी मार्शल बझेन निसटला. 2021 मध्ये या बेटाच्या किनाऱ्याजवळ शिल्पकार जेसन डिकेरस टेलर यांनी पाण्याखाली सहा भव्य मुखशिल्पे बसवली आहेत. दोन्ही बेटांच्या बोटी वेगवेगळ्या सुटत असल्याने एकाच दिवसात दोन्ही पाहणाऱ्याने कानला परतून दुसरी बोट धरावी. सेंत ओनोराला मात्र परतीची शेवटची बोट विचारूनच उतरावे, कारण ती चुकली तर रात्रीपुरता आसरा फक्त मठातच.