मूकपटांची पोस्टरे आणि कागदातले आम्ल

भारतात १९१३ पासून पुढच्या दोन दशकांत सुमारे १३०० मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात आज पाहायला मिळतात ते जेमतेम ३० च्या आसपास. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि पेटली नाही तरी हळूहळू कुजते. शिवाय तिच्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुन्या फिती भंगारात विकल्या गेल्या. एखाद्या हरवलेल्या मूकपटात काय होते हे जाणून घ्यायचे, तर पोस्टर, हस्तपत्रक, पुस्तिका आणि वर्तमानपत्रातील जाहिरात एवढीच साधने उरतात. त्यांतही चित्रमय पोस्टर सर्वांत दुर्मिळ.

दादासाहेब फाळके हे स्वतः मुद्रणतज्ज्ञ. रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले होते आणि १९०९ मध्ये छपाईचे तंत्र व यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीला गेले होते. तरीही ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'ची आठवण टिकली ती मुख्यतः वर्तमानपत्रातील शब्दांच्या जाहिरातीतून. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने चित्रमय पोस्टर म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचे. बाबूराव मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी कॅमेरा घरीच तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्याच्या हाताला पडदा रंगवण्याची सवय, त्याला जाहिरातही चित्रातच सुचावी हे आम्हाला स्वाभाविक वाटते. 'कल्याण खजिना' हा चित्रपट आज नाही. पोस्टर आहे.

ही पोस्टरे इतकी थोडी का उरली? पोस्टर भिंतीवर खळीने चिकटवायचे आणि पुढच्या खेळाचे पोस्टर त्यावरच डकवायचे, अशी रीत होती. जे भिंतीवर गेले ते गेलेच. उरली ती न चिकटवलेली, छापखान्यात किंवा वितरकाच्या कपाटात पडून राहिलेली. परदेशातही हीच कथा आहे. 'मेट्रोपोलिस' (१९२७) या जर्मन मूकपटाच्या एका प्रसिद्ध पोस्टरच्या चारच प्रती ज्ञात आहेत आणि त्यांतली एक २००५ मध्ये ६,९०,००० डॉलरना विकली गेली.

किंमत अशी चढली की नकलाही येतात. अस्सल ओळखण्याचे एक साधे साधन शाळेच्या प्रयोगशाळेत असतेच : हातभिंग. त्या काळची रंगीत पोस्टरे बहुतेक शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वरून तेलकट शाई फिरवायची. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, म्हणून शाई फक्त चित्रावर बसते. प्रत्येक रंगासाठी दगड वेगळा. भिंगाखाली अशा छपाईत खडूचे अनियमित कण आणि एकावर एक चढलेले सपाट रंग दिसतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत मात्र ठरावीक अंतरावर, शिस्तीत मांडलेले ठिपके दिसतात. आजच्या एखाद्या रंगीत जाहिरातीवर भिंग धरून विद्यार्थ्यांना हे ठिपके आधी दाखवावेत.

उरलेल्या पोस्टरांचा खरा शत्रू त्यांच्या आतच आहे. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटीवर्गीय क्षार घालत. ओलाव्यात या क्षारापासून आम्ल तयार होते. कागदाचे बळ सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांत असते. आम्लाच्या सान्निध्यात पाण्याचे रेणू या साखळ्या जागोजागी तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की घडीवर कागद तडकतो. लगद्यात लिग्निन असेल तर तो प्रकाशात पिवळा पडतो. वर्तमानपत्राचा तुकडा अर्धा झाकून आठवडाभर उन्हात ठेवला, की फरक वर्गातच दिसेल.

आता अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याकडे वळू. साखळ्या तुटण्याचा वेग उष्णता आणि ओलावा या दोहोंनी वाढतो. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर हा जिल्हा पर्जन्यछायेतला. येथे वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, तर मुंबईत २००० च्या वर. म्हणजे तोच कागद मुंबईपेक्षा इथे अधिक टिकायला हवा. मात्र पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात तापणाऱ्या पोटमाळ्यावर हा फायदा बुडतो. धाब्याच्या घरातील आतली खोली थंड असते. तिथे भीती वाळवीची. फिरते सिनेमे जत्रांच्या वाटेने गावोगाव जात. तेव्हा जुन्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला, तसबिरीच्या पाठीला लावलेला किंवा चोपडीला घातलेला छापील कागद एकदा उलटून पाहायला हरकत नाही. मूकपटाचे पोस्टर निघण्याची शक्यता फार थोडी. हस्तपत्रकाची त्याहून बरी.

निघालेच तर ते सोलून काढू नये. चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कागदात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण आम्ल आत कोंडले जाते आणि प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही. आम्ल मारण्यासाठी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणाचा उपयोग करतात. पण काही शाया पाण्यात उतरतात, म्हणून ते काम जाणकारांचे. आपण कागद सपाट ठेवावा, अंधारात ठेवावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तो कोणत्या गावी, कशात सापडला हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (२०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे) फिल्मबरोबर पोस्टरे, पुस्तिका आणि छायाचित्रेही जपते. नगरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे.