चौल : पुळण, खाडी आणि लेणीं

नागपूरहून कोणत्याही दिशेनें निघालें तरी समुद्र शेकडों कोस दूर राहतो. त्यामुळें समुद्रकांठच्या एखाद्या जुन्या नगराचें वर्णन येथील श्रोत्याच्या कानीं पडलें म्हणजे त्याला तें दूरदेशींचें वाटतें. मग तें नगर इटलीचें असो वा कोंकणाचें. वस्तुतः या दोन किनाऱ्यांचा संबंध फार जुना आहे, आणि तो ध्यानांत यावयास दोन्हींकडच्या गुहांपासून आरंभ करणें सोयीचें होईल.

रोम व नेपल्स या दोन शहरांच्या दरम्यान, भूमध्य समुद्रांत शिरलेल्या एका खडकावर स्पेरलोंगा नांवाचें लहानसें गांव आहे. लॅटिन भाषेंत गुहेला ‘स्पेलुंका’ म्हणत. त्या शब्दावरूनच गांवाला हें नांव पडलें. खडकाच्या पायथ्याशीं विस्तीर्ण पुळण आहे आणि पुळणीच्या टोकाशीं ती गुहा आहे. रोमचा बादशहा टायबीरियस याचा महाल तेथें होता व गुहा ही त्याची भोजनशाळा होती. इ. स. २६ मध्यें तो तेथें भोजनास बसला असतां गुहेच्या तोंडाशीं दरड कोसळली. कांहीं सेवक दगडांखालीं चिरडून मेले. सेजानस नांवाच्या अधिकाऱ्यानें आपलें शरीर आड घालून बादशहाचा जीव वांचविला. ही हकीकत टॅसिटस या इतिहासकारानें लिहून ठेविली आहे. १९५७ सालीं तेथें संगमरवरी मूर्तींचे हजारों तुकडे सांपडले, आणि ग्रीक वीर ओडिसियस याच्या साहसांचे प्रसंग त्या गुहेंत कोरून मांडले होते असें दिसून आलें. एका मनुष्याच्या सुखाकरितां एवढा शृंगार!

याच टायबीरियसानें इ. स. २२ मध्यें रोमच्या सीनेटला एक पत्र धाडिलें होतें. रत्नांच्या हौसेपायीं रोमचें द्रव्य परक्या राष्ट्रांच्या घरांत जात आहे, असा त्यांतील एका तक्रारीचा आशय आहे. त्या द्रव्याचा एक मोठा ओघ तांबड्या समुद्रांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याकडे येत असे. पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषी दर्यावर्दी व्यापाऱ्यानें या मार्गाची जी माहिती लिहिली, तींत कल्याणच्या दक्षिणेकडील पेठांमध्यें प्रथम ‘सेमिल्ला’ हें नांव येतें. दुसऱ्या शतकांतील टॉलेमी हा भूगोलकारही या बंदराचा निर्देश करतो. हें सेमिल्ला म्हणजेच शिलालेखांतील ‘चेमुल’ आणि आजचें चौल होय.

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, खाडीच्या उत्तर तीरावर चौल व रेवदंडा हीं जोडगांवें आहेत. समोर दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगर समुद्रांत नाक काढून उभा आहे. नारळी-पोफळींच्या वाड्या, करड्या वाळूची पुळण आणि भरतीओहोटीबरोबर श्वास घेणारी खाडी. एवढेंच प्रवाशाच्या प्रथम दृष्टीस पडतें. परंतु चौलच्या बाजूला हिंगळाज देवीची टेकडी चढून गेलें असतां तेथें लहान लहान बौद्ध लेणीं आढळतात. आणखी दक्षिणेस, राजपुरीच्या खाडीच्या आंतील अंगास, कुडा येथें तर एका डोंगरांत २६ लेणीं खोदलेलीं आहेत.

कुड्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचतांना स्पेरलोंग्याची आठवण होते ती विरोधामुळें. त्या प्रदेशावर महाभोज नांवाच्या मांडलिकांची सत्ता होती व त्यांच्या घराण्यांतील मंडळींचीं दानें तेथें आहेत, हें खरें. परंतु त्यांच्या शेजारींच एका लेखकाच्या घराण्याचें दान आहे. एका वैद्याचें आहे. कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचें आहे. एका माळ्याचें आहे. चैत्यगृहांपैकीं एक तर भयिला नांवाच्या ब्राह्मण स्त्रीनें, एका ब्राह्मणाच्या पत्नीनें, बौद्ध भिक्षूंकरितां दिलें आहे. मुंबईनजीकच्या कान्हेरीसही चेमुलच्या रहिवाशानें पाण्याची पोढी खोदविल्याचा लेख आहे. ही रीत केवळ किनाऱ्यापुरती नव्हती. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें १९६९-७० च्या सुमारास जे स्तूप उकरून काढण्यांत आले, त्यांच्या दगडी कठड्यांवरही दात्यांचीं नांवें कोरलेलीं आढळलीं. एका किनाऱ्यावर गुहा बादशहाच्या पंक्तीकरितां सजली. दुसऱ्या किनाऱ्यावर ती वाटसरू भिक्षूला वर्षाकाळांत आसरा मिळावा म्हणून, माळ्यानें व लोहारकामाच्या वाण्यानें आपल्या कमाईंतून खोदविली. व्यापाराचा पैसा तोच. त्याचा विनियोग मात्र भिन्न.

बंदराचा हा मोकळा स्वभाव पुढें कित्येक शतकें टिकला. इ. स. ९१६ च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी येथें आला. अरब या गांवाला ‘सैमूर’ म्हणत. त्या काळीं राष्ट्रकूटांचें राज्य होतें. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेंच जन्मलेले मिळून सुमारें १०,००० मुसलमान या गांवांत राहत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. त्यांचे तंटे तोडण्यासाठीं त्यांच्याचपैकीं एक प्रमुख राजाकडून नेमला जात असे. राजा एका धर्माचा, प्रजेंतील व्यापारी दुसऱ्या धर्माचे, आणि तरीही व्यवहार सुरळीत. हें त्या अरब प्रवाशाला लिहून ठेवण्याजोगें वाटलें.

१४६९ च्या सुमारास रशियांतील त्वेर नगरचा अफनासी निकितीन हा व्यापारी एक घोडा विकण्याच्या आशेनें चौलच्या बंदरांत उतरला व येथून जुन्नरकडे गेला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं लुदोविको दि वार्थेमा हा इटालियन प्रवासी येथें आला. सुंदर नदी, तींतून ये-जा करणारीं परदेशीं जहाजें आणि विपुल सुती कापड यांची त्यानें वाखाणणी केली आहे. या देशांत सर्व कांहीं पिकतें, नाहीं तीं फक्त द्राक्षें, अक्रोड आणि चेस्टनट, असें तो म्हणतो. परमुलखांत भरल्या बाजारांत उभें असतांही मनुष्याला घरच्या फळांची आठवण सुटत नाहीं, हें त्याच्या या वाक्यांतून सहज प्रगट होतें.

परंतु त्याच सुमारास बंदराचे दिवस पालटूं लागले होते. १५०८ मध्यें चौलच्या खाडींत मिसरच्या व गुजरातच्या आरमारानें पोर्तुगीजांना गांठलें आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लौरेन्सो द आल्मैदा त्या लढाईंत मारला गेला. तरीही पोर्तुगीज हटले नाहींत. १५२१ मध्यें निजामशहाच्या संमतीनें त्यांनीं खाडीच्या मुखाशीं किल्ला बांधण्यास घेतला. तेंच आजचें रेवदंडा. तेव्हांपासून चौलें दोन झालीं : आंतलें निजामशहाचें आणि मुखावरचें पोर्तुगीजांचें. १५७०-७१ मध्यें निजामशहानें पोर्तुगीज चौलला वेढा घातला. महिनेच्या महिने झुंज चालली आणि शेवटीं तह होऊन वेढा उठला. पुढें निजामशहानें समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारण्यास आरंभ केला, तेव्हां १५९४ मध्यें पोर्तुगीजांनीं तोही जिंकून घेतला. आतां खाडीचीं दोन्ही टोकें त्यांच्या हातीं आलीं, आणि त्यांच्या परवान्यावांचून या समुद्रांत जहाज हांकारणें धोक्याचें झालें.

तट भक्कम होता, यांत संशय नाहीं. १६८३ मध्यें संभाजीमहाराजांच्या फौजांनीं वेढा दिला, तेव्हांही तो पडला नाहीं. परंतु तटाला शत्रू अडवितां येतो. व्यापाऱ्याला धरून ठेवतां येत नाहीं. उत्तरेस मोंगलांच्या सत्तेखालीं सुरत भरभराटीला आलें. १६६८ मध्यें मुंबई इंग्रजांच्या कंपनीकडे गेली आणि तेथें वसाहत वाढूं लागतांच चौलच्या विणकरांपैकीं कांहींनीं तिकडे बिऱ्हाड हलविलें. जहाजांनीं मार्ग बदलला, मागें माग व पेढ्या गेल्या. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि १७४० च्या तहान्वयें चौल मराठ्यांच्या स्वाधीन झालें. तोफांना न जुमानणारा किल्ला अखेर कागदावरच्या सहीनें रिकामा झाला. पण त्याच्या कितीतरी आधीं त्यांतील बाजार रिकामा होऊं लागला होता.

आज रेवदंड्यास जाणाऱ्याला तटाच्या आंत माडांच्या बागा दिसतात. ख्रिस्ती मठाचा सातखणी मनोरा वरचे मजले गमावून उभा आहे. जेथें रस्ते व हवेल्या होत्या तेथें आतां पाटाचें पाणी खेळतें. हें पाहून सर्वच लयास गेलें असें म्हणण्याचा मोह होतो, पण तें तितकेंसें खरें नाहीं. रेवदंड्यांत बेने-इस्राएल समाजाचें प्रार्थनामंदिर आहे. चौलांत रामेश्वराचें मंदिर आहे. आणि खाडीपलीकडे कोर्लईच्या पायथ्याशीं राहणारीं ख्रिस्ती कुटुंबें आजही घरांत पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमांतून झालेली एक बोली बोलतात. तिला तीं ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असें म्हणतात. पोर्तुगीजांचा अंमल येथून जाऊन पावणेतीनशें वर्षें उलटलीं. अंमल गेला, तरी चुलीपाशीं बसून आईनें मुलाशीं बोललेले शब्द मात्र राहिले.

इतिहासाच्या पुस्तकांत चौलचें नांव बहुधा वेढे आणि तह यांच्या यादींत येतें. त्या याद्या आवश्यक आहेत. परंतु या गावाला दीड हजार वर्षें जगविलें तें वेढे घालणाऱ्यांनीं नव्हे, किंवा ते परतविणाऱ्यांनींही नव्हे. त्याला जगविलें तें बसऱ्याहून येऊन येथेंच घर करणाऱ्यांनीं, मागावर बसणाऱ्यांनीं, खाडी ओळखणाऱ्या तांडेलांनीं आणि आपल्या कमाईंतील एक वांटा अनोळखी माणसाच्या निवाऱ्यासाठीं काढून ठेवणाऱ्यांनीं. स्पेरलोंग्याच्या गुहेंत बादशहाला वाढणारे जे सेवक दरडीखालीं मेले, त्यांपैकीं एकाचेंही नांव टॅसिटसनें दिलेलें नाहीं. कुड्याच्या डोंगरांत मात्र भयिलेचें नांव अठरा शतकांच्या पावसाळ्यांतून तरून आजही वाचतां येतें.