बाळूंचा चेंडू चालला, कप्तानी का चालली नाही?

यंदा भीमजयंतीच्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी येलदरीत बैठक बसली. वर्गणी, मंडप, पंचांचा चहापाणी खर्च, सगळे अर्ध्या तासात आटोपले. गाडी अडली ती चषकाच्या नावावर. आम्ही सुचवले की चषकाला बाळू पालवणकरांचे नाव द्यावे. निम्म्या पोरांनी विचारले, कोण बाळू? एका पोराने मात्र हा प्रश्न विचारला नाही, कारण त्याला बाळू पुरते माहीत होते. तो म्हणाला, "ज्या माणसानं सदतीस साली बाबासाहेबांच्या विरोधात निवडणूक लढवली, त्याच्या नावाचा चषक आपण जयंतीला द्यायचा का?" बैठक तिथेच थांबली.

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हे लिहायला घेतले.

मुंबईच्या जुन्या क्रिकेटविषयी स्मरणरंजन करणारे लेखन तुम्ही कुठे ना कुठे वाचले असेल. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने, जिमखान्याचे तंबू, झाडांवर चढून बसलेली माणसे, सामन्याच्या दिवसांत ओस पडलेली कचेरी. त्या लेखनात बाळू येतात, नाही असे नाही. कौतुकाने येतात. "क्रिकेटने जात मोडली" या वाक्याला दाखला म्हणून येतात. आमची तक्रार या दाखल्याबद्दलच आहे.

बाळूंचे घराणे कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील पुण्यात लष्कराच्या चाकरीत होते. बाळू आणि त्यांचे भाऊ तिथे सैनिकांनी टाकून दिलेल्या बॅटबॉलवर खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये. काम तेच, फक्त जाळी लावणे आणि सरावाला गोलंदाजी टाकणे वाढले. तिथला ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी नामांकित फलंदाज होता. बाळूंनी त्याला बाद केले की तो प्रत्येक वेळी आठ आणे देई, अशी आठवण सांगतात. डावखुरी, संथ, वळणारी गोलंदाजी बाळू तासन्‌तास टाकत राहिले आणि जगातल्या चांगल्या गोलंदाजांपैकी एक झाले. पण त्या जाळीत त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान, घाम गाळून गोलंदाजी टाकणे हे नोकराचे काम.

इथे आम्हाला आमचे शाळकरी वय आठवते. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. बॅट कधी आमच्या वस्तीतल्या पोराची नसायची. आम्ही बॉल टाकायचो, काटेरी बाभळीत गेलेला बॉल शोधून आणायचो, आणि आपली पाळी यायच्या आत अंधार पडायचा. हे अमुक जातीच्या पोरांनी ठरवून केले असे आम्ही म्हणत नाही. ठरवायची गरजच नव्हती, बॅट कोणाच्या घरी विकत येते यातच ते ठरलेले होते. समाजशास्त्राच्या वर्गात 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द शिकताना आम्हाला पहिल्यांदा ती बाभळ आठवली होती.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. म्हणून वाद झाला. काही तेलुगू खेळाडू बाळूंना घ्या म्हणाले, पुण्यातल्या ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. ग्रेगनेच उघडपणे सांगितले की बाळूला न घेणे हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल. शेवटी घेतले. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळत. चेंडूला विटाळ होत नाही असे तेव्हा शास्त्र निघाले. पण चहाच्या वेळेला बाकीचे तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळू बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून, जे नंतर फेकून देता येई. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायला पाणी द्यायचे तर तेही एखाद्या अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. ज्याने सकाळी पाच बळी घेतले तो दुपारी एका कोपऱ्यात ओंजळ पुढे करून उभा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना पहिल्यांदा मोठ्या सामन्यात हरवले, १०९ धावांनी. दुसऱ्या डावात साहेब १०२ धावांत आटोपले. शहरात जल्लोष झाला. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने तर या विजयात राष्ट्रीय ऐक्याची पहाट पाहिली: जात बाजूला ठेवली, बाळूला सोबत घेतले, म्हणून जिंकलो. मुंबईत एव्हाना पंगतही हळूहळू एक होऊ लागली होती, हे मान्य केले पाहिजे. ते खोटे नाही.

मग १९११ चा इंग्लंड दौरा. अखिल भारतीय म्हणवणारा पहिला संघ. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. महाराज बऱ्याच सामन्यांना मैदानात उतरलेच नाहीत, त्यांना लंडनमध्ये इतर कामे होती. संघ २३ सामन्यांत फक्त ६ जिंकला. पस्तिशीतल्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी टाकून सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८. धाकटे भाऊ शिवराम याच संघात होते. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी तयार केले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या इतिहासात लिहिले आहे. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टनमध्ये शिकत होते. म्हणजे बाबासाहेबांच्या पिढीने डोळे वर करून पाहावा असा आपला पहिला माणूस कोणी पुढारी नव्हता, मैदानावर रोलर फिरवून वर आलेला एक गोलंदाज होता.

एवढ्यावर स्मरणरंजनाची गोष्ट संपते. आमची इथे सुरू होते.

१९१० पासून हिंदू संघाचा कप्तान निवडायची वेळ दर वर्षी आली आणि दर वर्षी बाळू सोडून दुसऱ्याला मान मिळाला. १९१३ मध्ये एम. डी. पै कप्तान झाले. पैंनी आपल्या सत्काराच्या सभेतच सांगितले की हा मान माझ्या मित्राला, बाळूला मिळायला हवा होता, तोच ज्येष्ठ आहे. पै जातीने ब्राह्मण. बोलण्याची हिंमत त्यांनी दाखवली, तिची नोंद घेतली पाहिजे. पण निवड समितीवर त्याचा परिणाम शून्य. बाळूंचा हात चालत होता. त्या हाताने इतरांना हुकूम द्यायचा, तू इथे उभा राहा, तू तिकडे जा, हे मात्र चालत नव्हते. खेळात जात मोडल्याचा दाखला देणाऱ्यांनी एवढे एक सांगावे: नोकराचे काम करायला आम्हाला कधी मनाई होती?

१९२० मध्ये पै आजारी पडले. आता शिवराम किंवा विठ्ठल यांच्यापैकी कोणीतरी कप्तान होणार असे लोकांना वाटले. कप्तानी मिळाली पुण्याच्या दि. ब. देवधरांना. ते चांगले फलंदाज होते यात शंका नाही, पण पालवणकर बंधूंना ज्येष्ठ नव्हते. वर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रांतून जाहीर निवेदन दिले की हा निर्णय जातीमुळे झाला आहे, आम्ही खेळणार नाही. आमच्या मते संपूर्ण पालवणकर कथेतला सर्वांत मोठा दिवस हाच. ना १९०६, ना १९११. गुणवत्ता सिद्ध करून मान मिळेल ही वाट त्या घराने दहा वर्षे पाहिली आणि मग थांबवली. पुढच्या सामन्याला पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकप्तान करावे लागले.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कप्तान झाले. हिंदू जिंकले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन नाचवले. हिंदू संघाने विठ्ठलच्या हाताखाली पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही चौरंगी जिंकली. त्या काळातल्या वर्तमानपत्री लेखनाने या बदलाचे श्रेय गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाला दिले. आम्ही म्हणतो, हवा बदलली असेल, पण दार उघडले ते संपाने. आणि खांद्यावर घेतल्याने काय बदलले? त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यानंतर डोकी फुटली ती वेगळीच.

आता त्या पोराचा प्रश्न. होय, बाळू पुणे कराराच्या वाटाघाटींत दुसऱ्या बाजूला होते, २४ सप्टेंबर १९३२ च्या करारावर त्यांची सही आहे. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई पालिकेची निवडणूक लढले आणि हरले. येवल्याच्या धर्मांतर घोषणेला त्यांनी विरोध केला. आणि १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. हे आकडे पाठ ठेवा. कोणी सांगितले नाहीत तरी विरोधक सांगतीलच.

काँग्रेसला बाळूच का सापडले? कारण आपल्या समाजात बाबासाहेबांइतके पूर्वी नाव झालेला दुसरा माणूसच नव्हता. आणि कारण बाळू चांभार होते, बाबासाहेब महार. श्रेणीबद्ध विषमतेचा हा खेळ तेव्हाही खेळला गेला, आजही आपल्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत खेळला जातो, फक्त पक्षांची नावे बदलतात. बाळू या खेळात वापरले गेले असे म्हणणे सोपे आहे. आम्ही पूर्ण तसे म्हणणार नाही. साठी गाठलेला, शहाणा माणूस होता तो, त्याने स्वतः ठरवले. ज्या हिंदू संघाने त्यांना बाहेर चहा पाजला त्याच संघाने भावाला खांद्यावर घेतले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हा समाज आतून सुधारेल असा त्यांचा विश्वास बसला. चुकला. पण तो विश्वास कुठून आला हे समजून घेतल्याशिवाय आजच्या आपल्याच कितीतरी माणसांचे वागणे कळणार नाही.

अमेरिकेत बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच वेडाचा खेळ. तिथे ब्रुकलिन डॉजर्स नावाच्या संघाच्या आठवणी म्हातारी माणसे आजही गहिवरून काढतात. कारण १५ एप्रिल १९४७ ला या संघाने जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मैदानात उतरवले. तोवर मोठ्या लीगमध्ये काळ्यांना सहा दशके बंदी होती, त्यांच्या लीग वेगळ्या. संघाचा कारभारी ब्रँच रिकी याने रॉबिन्सनला आधीच बजावले होते, शिव्या दिल्या तरी उलटून बोलायचे नाही. आणि रॉबिन्सनला ज्या काळ्यांच्या संघातून उचलले त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला रिकीने दमडी दिली नाही. स्मरणरंजनात हे फारसे येत नाही. तसेच हेही येत नाही की १९४९ मध्ये याच रॉबिन्सनने सरकारी चौकशी समितीपुढे पॉल रोबसन या लढाऊ काळ्या गायकाविरुद्ध साक्ष दिली. त्या साक्षीत त्याने वर्णभेदावरही झोड उठवली होती, पण गोऱ्या वर्तमानपत्रांनी मथळे केले ते रोबसनविरुद्धच्या वाक्यांचे. मरायच्या वर्षी, १९७२ मध्ये, आत्मचरित्रात रॉबिन्सनने लिहून ठेवले की आज बोलावले असते तर आपण गेलो नसतो. काळ्या समाजाने रॉबिन्सनला टाकले नाही, आणि रोबसनलाही विसरू दिले नाही.

बाळूंनी असे काही लिहून ठेवलेले नाही. विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ मध्ये मराठीत छापले गेले. आपल्यापैकी किती जणांनी ते वाचले? ४ जुलै १९५५ ला बाळू गेले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा सव्वा वर्ष बाकी होते. रणजींच्या नावाने स्पर्धा आहे, ते भारताच्या संघाकडून कधी कसोटी खेळले नाहीत. दुलीपसिंहांच्या नावाने आहे, देवधरांच्या नावानेही होत असे. पालवणकरांचे नाव द्यायला हे लोक येणार नाहीत. आपण दिले तर दिले.

दुसऱ्या बैठकीत आम्ही नाव बदलून मांडले: पालवणकर बंधू चषक. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल, चौघांचा. विरोध करणाऱ्या पोराने अट घातली की उद्‌घाटनाला १९३७ चे आकडे माईकवरून वाचायचे, आणि ते तोच वाचणार. आम्ही कबूल झालो. १९२० चे बहिष्कार प्रकरणही त्यानेच सांगावे असे ठरले. दोन जणांना अजून हे नाव मान्य नाही, त्यांच्या संघाने नावनोंदणी थांबवून ठेवली आहे. रविवारी संध्याकाळी धरणाच्या वसाहतीजवळ पुन्हा बसायचे आहे. ज्यांना विरोधात बोलायचे आहे त्यांनी जरूर या.

जय भीम.