कॉलर उलटून मिळेल

तारीख २३ एप्रिल २०१३. ढाक्याजवळच्या सावरमध्ये तुम्ही आठ मजली राणा प्लाझासमोर उभे आहात. भिंतींना तडे गेलेत. इमारतीतल्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना केव्हाच घरी पाठवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शिलाई कामगारांना कामावर बोलावलं जातं. येणार नाही त्याचा पगार जाणार, अशी तंबी. तुम्हीही त्यांच्याबरोबर जिना चढता. यंत्रांच्या रांगा सुरू होतात. मग वीज जाते, जनरेटर धडधडू लागतात आणि नऊच्या सुमारास पायाखालचा मजलाच नाहीसा होतो. १,१३४ माणसं गेली. ढिगाऱ्यात परदेशी ब्रँडची लेबलं सापडली. काहींनी आधी संबंधच नाकारला.

आता मागे चला, १९६५ सालात, सातारा जिल्ह्यातल्या एका ओसरीवर. दोघी जणी गोधडी शिवायला बसल्यात. वरचं लुगडं नीट बघा. ते आधी नेसून विटलं, मग मधला जीर्ण भाग काढून, दंड घालून पुन्हा नेसलं गेलं. आता त्याच्या आत जुनी धोतरं पसरून कडेकडेने धावदोरा चाललाय. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं होईल. ही काटकसर नाइलाजाची आहे, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण कापडाचा जीव संपेपर्यंत ते वापरायचं, ही अक्कल त्या घरात होती आणि ती आपण फार लवकर टाकून दिली.

तिथून थेट २०४७. पुण्याचा लक्ष्मी रोड. दुकानावर पाटी आहे, ‘कॉलर उलटून मिळेल’. आत शिंपी झिजलेली कॉलर उसवून, चांगली बाजू वर घेऊन पुन्हा जोडतोय. तुम्ही नवा शर्ट हातात घेता. कापड सुती, शिलाईचा दोराही सुतीच. सुतात पॉलिस्टर मिसळलं की दोन्ही वेगळं करणं अवघड जातं, आणि जुन्या कपड्याचा नवा धागा करण्याचं काम तिथेच अडतं. लेबलवरचा कोड फोनने वाचता. यवतमाळचा कोरडवाहू कापूस, शेतकऱ्याला मिळालेला भाव, रंगशाळेने शुद्ध केलेलं पाणी आणि शेवटी शिवणारीची मजुरी. किंमत जास्त आहे. तुम्ही तीनऐवजी एकच घेता.

हे निव्वळ स्वप्नरंजन नाही. युरोपीय संघाचा २०२४चा कायदा कपड्यांसाठी डिजिटल पासपोर्टची, म्हणजे अशाच कोडमागच्या माहितीची, वाट उघडतो. न विकलेले कपडे नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६पासून बंदी, हेही त्यातच आलं. मात्र त्या पासपोर्टात मजुरीचा आकडा येईलच, असं नाही. माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय. सेंद्रिय कापसाचा शर्ट शिवणारी बाई तडे गेलेल्या इमारतीत बसत असेल, तर त्याला जबाबदार फॅशन म्हणायचं कोणत्या तोंडाने?

२०४७ची ती पाटी आपोआप लागणार नाही. पुढच्या खरेदीला गेलात की दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: हा कुणी शिवला, आणि फाटला तर दुरुस्त करून द्याल का? उत्तर मिळालं नाही, तरी विचारणं सोडू नका.